काळी चारपेक्षा जरा वर

पत्नी सुलू गेल्याचं गोपाळकृष्ण पोतनीसांना कळलं, तेव्हा ते बँकेत आपण जिवंत असल्याचा दाखला देत होते. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात तो द्यावाच लागतो. यंत्रावर बोट ठेवायचं, यंत्राने ठसा ओळखला की काम झालं. त्यांचा ठसा दोनदा ओळखला गेला नाही. पस्तीस वर्षं पेचकस आणि वायरी हाताळून बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. खिशात फोन वाजत होता. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बोट हलवू नका. त्यांनी हलवलं नाही. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेला ठसा लागला, पावती हातात आली, मग त्यांनी फोन काढून पाहिला. जयूवहिनींचे चार फोन येऊन गेले होते.

जयूवहिनी उज्जैनच्या माधव नगरातच, त्यांच्या मागच्या गल्लीत राहायच्या. बायकांचं भजनी मंडळ त्यांच्याकडे भरायचं आणि सुलू तिथे वीस वर्षं पेटी वाजवून गायची. त्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली, ती भिंतीला टेकून बसली आणि ऑटोत घालून नेईपर्यंत संपलं होतं. जयूवहिनींनी फोनवर आधी फक्त लवकर या म्हणून सांगितलं. गोपाळकृष्णांनी विचारलं, कितपत बरी आहे? त्यावर त्यांनी पुन्हा लवकर या एवढंच म्हटलं, तेव्हा त्यांना समजलं.

पुढचे दिवस जसे जातात तसे गेले. मुलगी निहारिका पुण्याहून आली. लोक येत होते, बसत होते, उठत होते. गुरुजी म्हणाले, गेलेल्या माणसाची आवडती वस्तू दान करावी, जीव अडकत नाही. गोपाळकृष्णांचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण सुलूचा होता. तेराव्याला भैरवगढचा दिलीप आला होता. तो कापडावर ठसे छापण्याचं काम करायचा आणि सुलू चादरी त्याच्याकडूनच घ्यायची. त्याच्या गल्लीत सुंदरकांड म्हणणारी मंडळी होती, त्यांच्याकडे पेटी नव्हती. गोपाळकृष्णांनी सुलूची पेटी उचलून त्याच्या हाती दिली आणि हातावर पाणी सोडलं. पेटी वजनदार होती. दिलीपने ती स्कूटरवर पुढे पायांत ठेवून नेली.

महिन्याभराने निहारिका आईच्या फोनमधले फोटो काढून घेत होती, तेव्हा तिला रेकॉर्डिंग सापडली. सात होती. सात पदं, सुलूच्या माहेरच्या एका जुन्या वहीतली, आणि चाली सुलूने स्वतः लावलेल्या. नुसता आवाज. पेटी नाही, टाळ नाही. दोन ओळी म्हणून ती थांबायची. थांबलेल्या जागेत टेबलावर बोट वाजत असलेलं ऐकू यायचं, एक, दोन, तीन, चार, मग ती पुढची ओळ उचलायची. एका ठिकाणी मागे कुकरची शिट्टी होती.

जयूवहिनींनी उलगडा केला. पेटीचा भाता गळत होता, त्याची फुसफुस रेकॉर्डिंगमध्ये यायची. म्हणून सुलू आधी पेटीवर स्वर घ्यायची, पेटी बंद करायची आणि मग फोन चालू करून गायची. मधल्या जागा तिने पेटीसाठी मोकळ्या सोडल्या होत्या, नंतर कोणाकडून तरी भरून घेणार होती. चैत्रात मंडळाचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात ही पदं व्हायची होती. आता बायका म्हणत होत्या, दुसरी काही बसवू.

गोपाळकृष्ण म्हणाले, आवाज आहे की, ऐकून शिका.

"भावजी," जयूवहिनी म्हणाल्या, "नुसता आवाज ऐकला की आम्ही रडतो. शिकणं काही होत नाही. खाली पेटी असली तर गाण्यासारखं वाटेल. नाहीतर राहू द्या. तिच्याबरोबर गेल्या म्हणायच्या तिच्या चाली."

हे शेवटचं वाक्य गोपाळकृष्ण घरी घेऊन आले. सुलू गेली यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. चाली जाऊ नयेत यात होतं.

पेटी परत मागायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण दान दिलेली वस्तू परत मागत नाहीत. उधारही मागत नाहीत. सुलूने हे कधीच चालवून घेतलं नसतं.

सुलूची भाची मृण्मयी इंदूरला राहायची आणि घरच्या एका खोलीत जाहिरातींचे आवाज रेकॉर्ड करायची. तिला त्यांनी फोन केला. तिने सांगितलं की काका, नवी पेटी घ्यायच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला वाजवता येत नाही, पेटीला माईक लागेल, खोलीतला पंखा बंद करावा लागेल, आणि एक स्वर चुकला की सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा मिडी कीबोर्ड घ्या. लॅपटॉपला वायर लावायची, हळू हळू वाजवायचं. चुकलेला स्वर नंतर माऊसने उचलून जागेवर ठेवता येतो. दहा हजारांच्या आत चांगला येतो. फार मोठा नको, नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. आणि एक लक्षात ठेवा, ती म्हणाली, त्याला स्वतःचा आवाज नसतो.

गोपाळकृष्णांना हे ऐकून बरं वाटलं. ते विद्युत मंडळाच्या मीटर तपासणी विभागातून निवृत्त झाले होते. त्या खात्यात ज्याला आवाज नाही ते यंत्र चांगलं. गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे आतल्या लोखंडी पट्ट्या कुठेतरी सैल. त्यांनी डायरीत लिहून घेतलं: आवाज नसतो. त्याखाली एक रेघ मारली.

मग किती पट्ट्यांचा घ्यायचा हा प्रश्न होता. मृण्मयीने पंचवीस, बत्तीस, एकोणपन्नास असे आकडे सांगितले होते आणि आत्याच्या पेटीएवढा तरी घ्या म्हणाली होती. पेटी घरात नव्हती. गोपाळकृष्णांनी मंडळाच्या दहाव्या वर्षाचा फोटो भिंतीवरून काढला आणि भिंग घेऊन पट्ट्या मोजल्या. चार पट्ट्या सुलूच्या हाताखाली होत्या, त्या त्यांनी आजूबाजूच्या रचनेवरून धरल्या. बावीस पांढऱ्या, पंधरा काळ्या. सदतीस.

दुसऱ्या दिवशी ते देवास गेटला एका दुकानात गेले. दुकानात अर्ध्या भागात साउंड सिस्टिम आणि अर्ध्या भागात वाजवायच्या वस्तू होत्या. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला. गोपाळकृष्णांनी मिडी कीबोर्ड मागितला. त्याने विचारलं, किसके लिए. पत्नीच्या गाण्यांसाठी, असं यांनी सांगितलं, आणि माहिती पुरी असावी म्हणून ती कुठल्या स्वरातून गायची तेही पुढे जोडलं, "काली चार."

दुकानदार आत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांत तीन खोकी एकावर एक होती. म्हणाला, काळ्यात तीनच निघाले, चौथा पांढरा आहे, चालेल का? पण एकदम चार घेऊन काय क्लास उघडताय?

"चार काली नहीं," गोपाळकृष्ण म्हणाले, "काली चार. वो काली चार से गाती थी."

दुकानदाराने थोडा विचार केला आणि तो हसला. "अच्छा, चौथी काली. ऐसे बोलिए ना बाबूजी. वो तो सबमें होती है." त्याने एका खोक्यावरच्या चित्रात बोट ठेवून चौथी काळी पट्टी दाखवली. गोपाळकृष्णही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, असं त्यांच्या नंतर लक्षात आलं.

पंचवीस पट्ट्यांचा सगळ्यात देखणा होता. त्याच्यावर ढोलक-तबल्यासारखे आवाज काढायला रबरी ठोकळे होते आणि दिवे लागणारी बटणं होती. पण त्याला दोनच सप्तकं. दुकानदार म्हणाला की बटण दाबलं की सप्तक सरकतं, जितकी हवीत तितकी मिळतील. गोपाळकृष्ण म्हणाले, गाता गाता बटण कोण दाबणार? बत्तिसाच्या पट्ट्या बारीक होत्या. नोकरीपासून त्यांच्या शर्टाच्या खिशात विद्युत मंडळाचं नाव कोरलेली सहा इंची पोलादी पट्टी असायची. ती त्यांनी काढून लावली. पांढऱ्या पट्टीची रुंदी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास भरली. स्वतःचं बोट ठेवून पाहिलं, ते दोन पट्ट्यांवर चढत होतं. एकोणपन्नासच्या पट्ट्या सव्वादोनच्या वर होत्या. त्याला ठोकळे नव्हते, दिवे नव्हते. खोक्यावर धूळ होती. सदतीसला तो पुरून उरत होता.

वाजवून दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने छताकडे हात केला. वीज नव्हती, संगणक बंद होता.

"आप तो बिजली विभाग के लगते हैं," तो पोलादी पट्टीकडे बघत म्हणाला. "आपके ही महकमे की मेहरबानी है."

गोपाळकृष्णांनी निवृत्त झाल्याचं सांगितलं, पण त्यांना ओशाळल्यासारखं झालं. वीज येईपर्यंत थांबून दुकानदारावर अविश्वास दाखवावा असं वाटेना. त्यांनी एकोणपन्नासचा घेतला, न ऐकताच.

घरी आल्यावर त्यांनी निहारिकाचा जुना लॅपटॉप सुलूच्या शिवणाच्या टेबलावर ठेवला आणि वायर जोडली. कीबोर्डवर एक लाल दिवा लागला. त्यांनी एक पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली, मग तळहाताने एकदम आठ-दहा दाबल्या. पट्ट्यांचा खालवर टकटक आवाज तेवढा झाला. त्यांनी वायर बदलली, भोक बदललं. मीटर बंद पडला की ते जे करत आले तेच केलं: उलटा केला, तेरा स्क्रू काढून एका बशीत क्रमाने मांडले आणि झाकण उघडलं. आत एक हिरवं सर्किट होतं, पट्ट्यांखाली रबराच्या टोप्या होत्या. स्पीकर नव्हता. स्पीकर बसवायला जागाही नव्हती. त्यांनी दोनदा पाहिलं, मग दुकानदाराला फोन लावून सांगितलं की कारखान्यातून स्पीकर बसवायचाच राहिला आहे.

पलीकडे दुकानदाराने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाबूजी, इसमें आवाज़ होती ही नहीं. आवाज़ कंप्यूटर में होती है. आपने खोला तो नहीं?"

गोपाळकृष्ण नाही म्हणाले. सेवेत असताना ते खोटं बोललेले नव्हते.

मृण्मयीला फोन केल्यावर ती म्हणाली, "अहो काका, मी सांगितलं होतं ना, त्याला स्वतःचा आवाज नसतो म्हणून."

"हो. मला वाटलं तू तारीफ करतेस."

ती हसायला लागली ती थांबेचना. मग थांबली आणि म्हणाली, आत्याला सांगायला हवं होतं हे. नंतर तिने कामाला लावलं. तिने इंदुरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि यांनी उज्जैनला त्या हाकल्या तशा नेल्या: हा प्रोग्राम उतरवा, तो आवाज निवडा, पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो ना, मग हा आकडा कमी करा. तीन दिवसांनी, सकाळी साडेदहाला, कीबोर्डची पट्टी दाबली आणि लॅपटॉपमधून पेटीचा स्वर आला. खरी पेटी नव्हे, पण पेटी म्हणून ओळखता येईल असा.

जयूवहिनी स्वर सांगायला आल्या. त्यांना वाजवण्याची सवय नव्हती, पण वीस वर्षं पेटीशेजारी बसून त्यांना सगळ्या जागा पाठ होत्या. त्यांनी खुर्चीत बसून उजव्या हाताने पट्ट्या दाबून पाहिल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप पलीकडे जाऊन हवेत भाता मारायला लागला. ते लक्षात आल्यावर त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. गोपाळकृष्णांनी काळी चारवर चिकटपट्टीचा तुकडा लावून "सा" लिहिलं, तिथून पुढे आकडे टाकले आणि जयूवहिनी सांगतील तसं एका बोटाने वाजवलं. पहिल्या पदाच्या पहिल्या मोकळ्या जागेत आठ स्वर बसत होते. ते बसवायला दोन दुपारी गेल्या. चुकलेले स्वर पडद्यावर हिरव्या विटांसारखे दिसायचे. ते उचलून जागेवर ठेवताना त्यांना बरं वाटायचं. आयुष्यात बाकी काही असं उचलून ठेवता येत नाही, असं ते एकदा म्हणाले, पण जयूवहिनींचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी सुलूचा आवाज आणि पेटी एकत्र लावून ऐकलं.

दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी आंबट खाल्ल्यासारखं आलं. स्वर बरोबर होते, जागा बरोबर होत्या, तरी लागत नव्हतं. पेटी बंद केली की आवाज छान, आवाज बंद केला की पेटी छान, एकत्र केली की दोन्ही बेसूर. जयूवहिनींनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. त्या साडीचा काठ चाळवत बसल्या.

"राग मानू नका भावजी," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी सुलू थोडी चढी लागायची, स्वराच्या जरा वर. थकली की होतं तसं."

गोपाळकृष्णांनी राग मानला नाही, पण चहाही विचारला नाही. त्या गेल्यावर ते बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. सुलूच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली त्यांनी ऐकली होती, स्वभावाला ठेवलेलीही. गळ्याला कोणी ठेवली नव्हती. आता ती उत्तर द्यायला नव्हती.

मीटर जलद धावतो अशी तक्रार आली की आधी ग्राहक खोटा बोलतो असं धरायचं नाही आणि मीटर खोटा असंही धरायचं नाही, मोजायचं. त्यांनी मृण्मयीला विचारून स्वर मोजणारं ॲप फोनमध्ये घेतलं. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे ते शंभर भाग दाखवायचं. त्यांनी सातही पदं पुन्हा पुन्हा लावून सुलूचा "सा" जिथे जिथे ठरतो तिथला आकडा वहीत उतरवला. एकसष्ट आकडे झाले. सगळे काळी चारच्या तीस ते चाळीस भाग वर. पहिल्या पदात तितकेच, सातव्यात तितकेच. सप्टेंबरमधल्या रेकॉर्डिंगमध्ये तितकेच, नोव्हेंबरमधल्यातही.

हे पाहून त्यांच्या मनातला खडा निघाला. माणूस चुकतो तेव्हा दर वेळी वेगळा चुकतो. यंत्र चुकतं तेव्हा एकाच मापाने चुकतं. ही चूक सुलूची नव्हती, पेटीची होती. पेटी पहिल्यापासून थोडी चढी असणार. सुलूने वीस वर्षं तिच्यावरून स्वर घेतला आणि तो तिच्या गळ्यात तसाच बसला. आता पेटीवर मोजून पाहिलं की सिद्ध झालं.

पेटी परत मागायची नव्हती. फक्त मोजायची होती. एवढ्याला हरकत नसावी असं ठरवून ते रविवारी भैरवगढला गेले.

दिलीपच्या घरी अंगणात दोरीवर लाल चादरी वाळत होत्या. त्याने खुर्ची झटकून दिली आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. गोपाळकृष्णांनी पेटी नुसती पाहायची आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्याने ती आतून आणली. पेटीला नवं पॉलिश होतं, भात्याला नवं चामडं होतं, मुठीला पितळेची कडी होती. त्याने एक बोट ठेवून भाता मारला. फुसफुस नव्हती.

"पूरी ठीक करवा ली बाबूजी," दिलीप म्हणाला. "मंडली ने चंदा किया. कारीगर बोला, सुर चढ़े हुए हैं, सब घिसकर मिलाने पड़ेंगे. पंद्रह दिन रखी उसने. अब एकदम मिली हुई है. मांजी की चीज़ है, ऐसे थोड़े ही पड़ी रहने देते."

गोपाळकृष्णांनी फोन काढून शेजारी ठेवला आणि काळी चार वाजवायला सांगितली. आकडा शून्यावर आला आणि शून्यावरच थांबला. त्यांनी आणखी दोन स्वर वाजवायला लावले. शून्य आणि एक. कारीगर चांगला होता.

ते म्हणाले, छान झालं आहे. चहा घेतला. दिलीपच्या मंडळींपैकी दोघं आली, त्यांनी सुंदरकांडातल्या दोन चौपाया म्हणून दाखवल्या, त्याही ऐकल्या. निघताना दिलीपने आग्रहाने एक चादर दिली. तिला नाही म्हणता आलं नाही. ऑटोत बसल्यावर त्यांनी चादर मांडीवर ठेवली आणि वाटेत एवढाच विचार केला की तो जुना स्वर आता कुठल्याही वस्तूत नाही. फोनमधल्या सात रेकॉर्डिंगमध्ये आहे, तेवढाच.

संध्याकाळी त्यांनी मृण्मयीला सगळं सांगितलं. तिने उपाय लगेच सांगितला. काका, यात काही कठीण नाही. आत्याचा आवाज मला पाठवा, मी तो पस्तीस भाग खाली आणते. दोन मिनिटांचं काम आहे, आवाज बदलल्याचं कोणाला कळणारही नाही. मग तुमची पेटी त्याच्याशी मिळेल, आणि मंडळ आता नवी पेटी घेईल तीही मिळेल, कारण ती स्टँडर्डच असणार. सगळ्यांच्याच सोयीचं.

हे बरोबर होतं. गोपाळकृष्ण आयुष्यभर हेच करत आले होते. स्टँडर्ड मीटर मधल्या टेबलावर, त्याला कोणी हात लावायचा नाही. आलेला प्रत्येक मीटर त्याच्याशी लावायचा आणि त्याच्या मापात आणायचा. हजारो आणले असतील.

"नको," ते म्हणाले. "आवाजाला हात लावू नको. पेटी वर घे."

"पण काका, मग ती स्टँडर्ड राहणार नाही. दुसरं काहीच तिच्याबरोबर वाजणार नाही."

"नसू दे. दुसरं काही वाजवायचं नाही."

मग मृण्मयीने कोणत्या पानावर जायचं आणि कोणता आकडा बदलायचा ते सांगितलं. गोपाळकृष्णांनी पस्तीस लिहिलं, थोडं ऐकलं, सदतीस केलं, छत्तीस केलं आणि तिथेच ठेवलं. सुलूचं पहिलं पद लावलं. दोन ओळी झाल्या, आणि तिने सोडलेल्या जागेत पेटी आली. ती मधेच कुठून आल्यासारखी वाटली नाही. आधीपासून तिथे असल्यासारखी वाटली. त्यांनी ते सहा वेळा ऐकलं आणि मग जेवायला बसले.

जयूवहिनींना त्यांनी घरी बोलावून वही दाखवली, एकसष्ट आकडे दाखवले, आणि भैरवगढच्या कारीगराचं म्हणणं सांगितलं. सुलू चढी नव्हती, पेटी चढी होती. वहिनींनी आकडे पाहिले नाहीत, पण पद पूर्ण ऐकलं. डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षं आम्ही सगळ्याच चढ्या गात होतो की. आणि देवासमोर."

"देवाने तक्रार केलेली नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. या वेळी चहा त्यांनी स्वतः केला. साखर जास्त पडली.

त्यानंतर काम रोजचं झालं. सकाळी पाणी भरून, पूजा उरकून ते टेबलाशी बसायचे. जयूवहिनी एक दिवसाआड यायच्या. दुसरं पद आठ दिवसांत झालं, तिसरं सहा दिवसांत. चौथ्याला पंधरा लागले, कारण त्यात एका जागी सुलूने टेबलावर पाच वेळा बोट वाजवलं होतं आणि बाकी सगळीकडे चार वेळा. ती चुकली होती की तिला तसंच हवं होतं, यावर त्यांचा आणि वहिनींचा वाद झाला. वहिनी म्हणाल्या, चुकली. गोपाळकृष्णांनी पाच स्वर भरले. मंडळाच्या बायका फोनवर ऐकून शिकायला लागल्या. एकदा ते भाजी घेऊन मागच्या गल्लीतून येत होते, तेव्हा जयूवहिनींच्या खिडकीतून दहा-बारा बायकांच्या आवाजात तिसरं पद ऐकू आलं. बायकांची आताची पेटी वेगळी होती, त्यामुळे पद जरा खाली लागलं होतं. चाल मात्र तीच होती. ते पिशवी घेऊन पुढे गेले.

चैत्रातल्या कार्यक्रमात चार पदं झाली. पाचवं त्यानंतर तयार झालं. सहाव्या पदात एक जागा इतकी जलद आहे की एका बोटाने ती बसत नाही. मृण्मयीने हळू वाजवून नंतर वेग वाढवायची युक्ती सांगितली आहे, ती त्यांनी अजून करून पाहिलेली नाही. सातव्या पदाला सुलूच्या माहेरच्या वहीत तीन कडवी आहेत. रेकॉर्डिंगमध्ये धृपद आहे आणि पहिलं कडवं आहे. सुलू दर कडव्याला वेगळी चाल लावायची, आणि पुढच्या दोन कडव्यांच्या चाली जयूवहिनींनी ऐकलेल्या नाहीत. मंडळात कोणीच ऐकलेल्या नाहीत. वहिनी म्हणतात, पहिल्याचीच चाल पुढे लावून टाकू, लोकांना काय कळतंय. गोपाळकृष्णांनी त्याला होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. सहावं पद अर्धं झालं आहे. सातव्याची दोन कडवी राहिली आहेत.